आठवा हिस्सा

मवजुदा शरीफोवा आत आली तेव्हा तिच्या कोटाची एक बाही खांद्यापाशी उसवून लोंबत होती. केसांत कांद्याची साल अडकली होती. बसायला सांगितलेलं तिला ऐकूच गेलं नसावं. ती दारातच उभी राहिली.

"मुनव्वर आपा तुम्हीच ना? उद्या सकाळी मला पकडून नेणार आहेत. मी काही केलेलं नाही, आपा. खरंच काही केलेलं नाही."

मुनव्वर कासिमोवाने हातातली चहाची पियाली खाली ठेवली. खुजंदच्या पंजशंबे बाजारामागे, एका शिंप्याच्या दुकानावर तिची खोली होती. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्धं आयुष्य घालवून, शेवटी वरिष्ठांशी भांडून ती बाहेर पडली होती. आता ज्यांचं कुणी ऐकत नाही अशी माणसं तो जिना चढून यायची.

खिडकीशी बसलेला वोहिद मात्र ताडकन उठला. तो तिची गाडी चालवायचा, निरोप पोचवायचा आणि तिच्या मते विचार करायचा तेव्हा नको तिथे करायचा.

"आपा, ही तीच! नवबहोर बँकेतली! हिनंच तो मेसेज पाठवला!"

"वोहिद, खाली बस."

"कसा बसू? माझी बायको गुलबहोर कालपासून रांगेत उभी आहे. रशियात ट्रक चालवून पाठ मोडून घेतली मी. त्यातलं जे उरलं ते सगळं हिच्या बँकेत आहे!"

"मग तर तू ऐकायलाच हवं. बस. आणि तिला चहा दे."

वोहिदने चहा ओतला, पण पियाली तिच्या हातात न देता टेबलावर आपटली.

"तुझं काम काय, ते आधी सांग," मुनव्वर म्हणाली.

"मी ठेवींवर नजर ठेवते. काल लोकांनी किती ठेवलं, किती काढलं, गेल्या आठवड्यापेक्षा ते जास्त की कमी, हे रोज सकाळी मोजायचं. बँकेतला पैसा तिजोरीत पडून नसतो, आपा. बराचसा कर्जाऊ दिलेला असतो. तिजोरीत असते ती रोजच्या देण्यापुरती रोकड. ठेवी सलग घटायला लागल्या की वेळेत बाहेरून रोकड मागवावी लागते. नाहीतर..."

"नाहीतर बाहेर चाललंय ते."

मवजुदाने मान हलवली. पहिल्यांदाच ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"पैशाला सवयी असतात, आपा. मार्चात नवरोजच्या सणाच्या तोंडावर बायका थोडं थोडं काढतात. उन्हाळ्यात रशियातून पोरांचे पैसे येतात. जुलैत इस्फऱ्याचे जर्दाळूवाले मोठाल्या रकमा रोख नेतात, बागवाल्यांना द्यायला. नुसता चढउतार बघून मी महिना सांगू शकते. मंगळवारी विसावा हिस्सा गेला होता. नवरोज आलाय, दर वर्षी तेवढा जातोच. बुधवारी सकाळी मी तिघांना तसं कळवलं. काळजीचं कारण नाही, असंही लिहिलं."

"तिघं कोण?"

"बँकेचे प्रमुख इस्मतुल्लो अका. तिजोरी सांभाळणारी तोजिनिसो आपा. आणि मोठे ठेवीदार बघणारा उपप्रमुख, दिलशोद."

"मग मेसेज?"

मवजुदाला तो पाठ होता. बाजारातल्या सगळ्या व्यापाऱ्यांच्या फोनवर तो बुधवारी सकाळी, तिचा आकडा त्या तिघांकडे गेल्यानंतर थोड्याच वेळात, अनोळखी नंबरवरून आला होता: 'नवबहोरमधून एका दिवसात ठेवींचा आठवा हिस्सा गेला. आपलं ज्याला हवं त्यानं आजच काढावं.'

"विसाव्याचा आठवा केला," वोहिद म्हणाला. "अफवा म्हटली की फुगणारच."

"फुगली नव्हती, वोहिद अका. तिथंच तर मी अडकले. दुपारी, गर्दीनं दार तोडायचं बाकी ठेवलं होतं तेव्हा, माझ्या टेबलावर एक पावती आली. मंगळवारच्या तारखेची. शीरिन मेवा नावाच्या इस्फऱ्याच्या कंपनीनं मोठी रोकड काढली होती, नोंद राहून गेली होती. ती धरून मी पुन्हा मोजलं, तर बरोब्बर आठवा हिस्सा! मीच धावत जाऊन इस्मतुल्लो अकांना सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, बाहेरच्याला हा आकडा कसा कळेल? रोज मोजतं कोण? तूच ना?"

"आणि पोलिसांना ते पटलं."

"धक्काबुक्कीत एक म्हातारा पायऱ्यांवरून पडला, आपा. तो उठलाच नाही. त्याचं मरणसुद्धा माझ्या नावावर लिहिताहेत. मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं." ती हुंदका आवरत राहिली. "माझ्या आईचे पैसेही तिथंच आहेत. मी माझीच बँक कशाला बुडवेन?"

मुनव्वरने खुंटीवरची शाल उचलली.

"पावती दुपारी आली म्हणालीस?"

"हो."

"चल. तुझी बाही वाटेत शिंप्याकडून शिवून घेऊ. त्या लोकांसमोर अशी जाऊ नकोस."

*

बँकेसमोरचा रस्ता माणसांनी भरून गेला होता. कुणी नान चावत होतं, कुणी उभ्या उभ्या डुलक्या घेत होतं. एक बाई तान्हं मूल एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घेत, बंद खिडकीकडे बघून सारखं एकच म्हणत होती, "भाड्याचे आहेत रे, निदान भाड्याचे तरी द्या."

मवजुदाला मागच्या दाराने आत पाठवून मुनव्वर रांगेपाशी आली. गुलबहोरने नवऱ्याला पाहताच तोंड सोडलं.

"आलात? मला वाटलं नवरोज करूनच याल! पाय सुजले माझे. हे ओलिमजोन अका नसते तर काल रात्रीच कोसळले असते."

तिच्या मागे उंच टोपी घातलेला, लाल नाकाचा म्हातारा उभा होता. त्याने कोटाच्या खिशातून मूठभर वाळवलेले जर्दाळू काढून मुनव्वरपुढे धरले.

"घ्या, आपा. इस्फऱ्याचे आहेत. तिकडे सैबेरियात, नोवोसिबिर्स्कमध्ये माल विकत होतो. तिथल्या आपल्या एका माणसानं मेसेज दाखवला, तसाच विमानात बसलो, काल संध्याकाळी इथं पोचलो. अर्धा माल तिथंच पडलाय."

"दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतं," वोहिद म्हणाला.

"कुणाला? पाच बहिणींत मी एकटा. बापानं बागा दिल्या आणि राबायला मी एकच दिला." तो हसला, पण नजर खिडकीवरून हलली नाही. "उन्हाळ्यात बागवाल्यांना काय देऊ, आपा? झाडं फुलावर आलीत. सगळा गाव माझ्याकडे बघतोय."

मुनव्वरने एक जर्दाळू तोंडात टाकला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

*

इस्मतुल्लो अकांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. बँकप्रमुख हातात डोकं धरून बसले होते.

"सरकारी बँकेची माणसं दुशान्बेहून निघालीत," ते म्हणाले. "संध्याकाळी सगळं सील होईल. तुम्ही आता काय शोधणार? त्या मुलीला मी लेकीसारखं वागवलं."

"तुमचे पैसे काढलेत का इथून?"

"एक सोमोनीही नाही!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "मीच काढले तर उरलं काय?"

"शीरिन मेवाच्या पावतीवर सही तुमची?"

"माझीच. बुधवारी केली. बाहेर आरडाओरडा चालला होता. दिलशोद म्हणाला, कालची राहिलीय. केली सही. कालचं काल, समोर तर जग बुडत होतं."

"म्हणजे ती रोकड गेल्याचं बुधवारी सकाळी तुम्हाला माहीत नव्हतं?"

"सही करताना कळलं."

"तिजोरीच्या किल्ल्या?"

"दोन. एक तोजिनिसोकडे, एक माझ्याकडे. माझी मी दिलशोदला देतो. माझे गुडघे बघा, तो तळघराचा जिना मला उतरवत नाही."

तोजिनिसो आपा तळघरात, रिकाम्या फळ्यांसमोर स्टुलावर बसली होती. डोळे सुजलेले होते.

"मुलीचं बाळंतपण होतं, इस्तरवशानला. रजेवर होते. किल्ली दिलशोदकडे ठेवून गेले. बुधवारी सकाळी परतले, आणि पाय आत टाकते तोच हे!"

"परत आल्यावर पहिलं काम काय करायचं असतं?"

"मोजणी. नोट न् नोट. मी रजेवरून आले की मोजल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही, सगळ्यांना माहितीये. पण बुधवारी मोजायला वेळ कुणी दिला? वरून ओरडत होते, आण, आण, आण. मी उचलत गेले आणि देत गेले." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "मला वाटलं होतं, दोन दिवस तरी पुरेल. पण संध्याकाळी बघते तर फळ्या दिसायला लागल्या. मी रडायला लागले. मग दिलशोद म्हणाला, मंगळवारी इस्फऱ्यावाल्यानं भरपूर नेलं ना. तेव्हा कुठे हिशेब लागला."

वोहिद कुजबुजला, "आपा, हिच्याकडे किल्ली. हिचंच काम."

"तिच्याकडे किल्ली नव्हती, वोहिद. तेच तर ती सांगतेय."

दिलशोद जिन्यात भेटला. तरुण, नीटनेटका, हातात चहाचा थर्मास. तो रांगेतल्या म्हाताऱ्यांना चहा देऊन आला होता.

"मवजुदा वाईट नाही हो, आपा," तो हळू आवाजात म्हणाला. "पण घाबरट आहे. ठेवी घटलेल्या पाहिल्या आणि बोलली असेल कुणाजवळ तरी. पोलिसांनी जरा सांभाळून घ्यावं तिला."

"शीरिन मेवाची रोकड कुणी नेली? मालक आला होता?"

"मालक या दिवसांत सैबेरियात असतो. पुतण्या आला होता, कंपनीचा शिक्का घेऊन. मंगळवारी संध्याकाळी, खिडक्या बंद झाल्यावर. माझ्याच हातांनी पिशव्या दिल्या."

"भल्या वेळी नेले म्हणायचे त्यांनी."

"नशीब एकेकाचं," दिलशोद म्हणाला आणि थर्मासचं झाकण घट्ट केलं.

*

मुनव्वर जिन्याच्या पायरीवर बसली. ती गुडघा चोळू लागली. वरून मवजुदाचा फोन वाजल्याचा आवाज आला. तिची आई असावी. "नाही आई, काही नाही, जेवलेय मी," असं ती रडत रडत सांगत होती.

"आपा, मला काही कळत नाही," वोहिद म्हणाला. "या मुलीनं केलं असेल तर ती एवढी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मी तिच्यापुढे पियाली आपटली."

"ती चूक नंतर निस्तर. आधी रांगेत जा. तुझ्या बायकोमागचे म्हातारे आहेत ना, त्यांना घेऊन ये."

"ते रांग सोडतील? जीव जाईल त्यांचा!"

"त्यांची जागा गुलबहोर धरेल. आणि येताना दारावरच्या पोलीस अधिकाऱ्यालाही आण. सांग, मुनव्वर बोलावतेय. शिव्या देईल, पण येईल."

*

इस्मतुल्लो अकांच्या खोलीत सगळे जमले. मवजुदा भिंतीशी उभी होती. पोलीस अधिकारी दाराला टेकला. दिलशोदने सगळ्यांसाठी चहा ओतला. वोहिद आणि तो म्हातारा आत आले, तसे मुनव्वरने म्हाताऱ्याला कोपऱ्यात बसवलं आणि बोलायला सुरुवात केली.

"सगळे विचारताहेत, मवजुदाचा आकडा बाहेर कसा गेला. पण बाहेर गेलेला आकडा मवजुदाचा नव्हताच. बुधवारी सकाळी तिच्याकडे विसावा हिस्सा होता, आणि तिनं तो तुम्हा तिघांना कळवलाही. मेसेजमध्ये आठवा होता. तिला आठवा मिळाला दुपारी, पावती आल्यावर. दुपारी कळलेलं माणूस सकाळी कसं फोडेल?"

इस्मतुल्लो अकांनी डोकं वर केलं. "पण आकडा तर जुळला!"

"जुळणारच होता. तो जुळवायलाच ती पावती आली. अका, बुधवारी सकाळी विसावा हिस्सा कळलेला आणि शीरिन मेवाची रोकड गेल्याचंही ठाऊक असलेला माणूस हवा. तुम्हाला पावती सही करताना कळली. तोजिनिसो आपाला संध्याकाळी, रिकाम्या फळ्या बघून. मग उरलं कोण?"

दिलशोद हसला.

"आपा, मला ठाऊक होतं हे मी लपवलेलंच नाही. मीच रोकड दिली. एवढ्यानं मेसेज माझा होतो? कंपनीचा तो पुतण्याही बाजारात बोलला असेल."

"बरोबर. तो बोलला असेल, जर तो असेल तर. मला आधी एक गोष्ट खटकली. मवजुदा म्हणाली, जर्दाळूवाले रोकड काढतात जुलैत. आत्ता झाडांना नुसती फुलं आहेत. फुलांचे पैसे कोण रोख देतं?" ती कोपऱ्याकडे वळली. "ओलिमजोन अका, तुमच्या कंपनीचं नाव काय?"

"शीरिन मेवा," म्हातारा म्हणाला. "का हो?"

दिलशोदच्या हातातली किटली तिरपी झाली आणि चहा टेबलावर पसरला.

"हे म्हणतात, तुमची सगळी रोकड तुम्ही मंगळवारी नेलीत."

"मी?" म्हातारा उभा राहिला. "मी मंगळवारी नोवोसिबिर्स्कला होतो! कालपासून रांगेत पाय तुटताहेत माझे, ते काय मजा म्हणून?"

"तुमचा पुतण्या शिक्का घेऊन आला होता म्हणे."

"मला भाऊच नाही, तर पुतण्या कुठला?" त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटा पितळी शिक्का काढला. "आणि हा शिक्का मी झोपतानाही काढून ठेवत नाही!"

पोलीस अधिकारी दारापासून हलला आणि दिलशोदच्या मागे जाऊन उभा राहिला.

"रोकड कंपनीनं नेली नव्हती," मुनव्वर म्हणाली. "ती त्याआधीच गेलेली होती. तोजिनिसो आपा रजेवर, दोन्ही किल्ल्या एकाच खिशात. पण बुधवारी आपा परतणार होती आणि चहाच्या आधी मोजणी करणार होती. ती मोजणी थांबवायला एकच उपाय होता. त्याच सकाळी दारात एवढी गर्दी हवी की कुणाला मोजायला सवडच मिळू नये. मग तिजोरी रिकामी झाली तरी लोक म्हणतील, गर्दीनं रिकामी केली. उरलेलं भोक बुजवायला एक पावती. मालक परदेशात, बँक बुडालेली, तो ओरडला तरी हजारोंच्या ओरडण्यात ऐकणार कोण? सकाळी मवजुदाचा विसावा हिस्सा आला. त्यानं त्यात आपलं भोक मिळवलं आणि आठवा लिहिला, म्हणजे पुढे मोजणारीच अडकेल. फक्त एक विसरला. त्याचा मेसेज सैबेरियातही पोचला."

"दिलशोद?" इस्मतुल्लो अका कसंबसं म्हणाले.

दिलशोद खुर्चीत बसला नाही, कोसळला.

"मी परत ठेवणार होतो," तो म्हणाला. "गाड्या आणणाऱ्या एका माणसाला दिले होते. महिन्याभरात दुप्पट म्हणाला. मग त्याचा फोन बंद झाला. मी रोज लावायचो, अका, रोज. तोजिनिसो आपा येणार म्हणून कळलं आणि मला झोप... मला वाटलं, दोन दिवस गोंधळ होईल, मग थंडावेल. कुणी मरेल असं मला..." त्याने तोंड झाकलं. "मी त्यांना चहा देत होतो."

मवजुदा इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती पुढे आली. ती ओरडली नाही.

"तू नेलंस ते भरून निघालं असतं, दिलशोद. दुशान्बेहून रोकड मागवली असती, वर्षभर पोटाला चिमटा घेतला असता, पण बँक उभी राहिली असती. मी रोज मोजते, मला माहितीये. आठातला एक भागसुद्धा नव्हता, तो लपवायला तू आठही जाळलेस. आणि पायऱ्यांवरून पडलेला तो म्हातारा?"

पोलीस अधिकाऱ्याने दिलशोदच्या दंडाला धरलं. जाता जाता अधिकारी मवजुदाकडे न बघता पुटपुटला, "उद्या आम्ही येणार नाही तुम्हाला न्यायला."

तोजिनिसो आपाने तिला मिठीत घेतलं आणि दोघी रडल्या. इस्मतुल्लो अका उठले आणि पुन्हा बसले.

"आपा," वोहिद हळूच म्हणाला, "चोर तर सापडला. आता पैसे मिळतील ना आमचे?"

"माहीत नाही, वोहिद."

"निदान खोटं तरी बोला."

"ते आज पुष्कळ झालं."

*

सरकारी गाड्या अजून पोचायच्या होत्या. मुनव्वरने मागच्या दाराकडे खूण केली, पण मवजुदाने मान हलवली.

"पुढूनच जाते."

दार उघडलं तसा आधी एक ओरडा उठला. कुणीतरी तिचं नाव घेतलं, शिवी दिली. मग पोलिसांच्या मधे दिलशोद दिसला आणि आवाज अडखळला. ओलिमजोन अका पायरीवर उभे राहून मोठ्याने सांगू लागले, कुणी केलं, कसं केलं. ते सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. सगळ्यांना ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांनी मागच्यांना सांगितलं.

मवजुदा पायऱ्या उतरली. लोक बाजूला झाले. माफी कुणी मागितली नाही, पण कुणाचा हातही उठला नाही.

तान्ह्या मुलाची आई तिच्या वाटेत उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"बहीण," ती म्हणाली, "तुला ठाऊक असेल. खरं सांग. आत किती उरलंय?"

मवजुदा थांबली. इतकी वर्षं हा आकडा ती बंद खोलीतल्या तिघांना सांगत आली होती. ज्यांच्या पैशांचा तो होता, त्यांच्यातल्या कुणी तिला तो कधी विचारला नव्हता.

"आज तिजोरीत जवळजवळ काही नाही," ती म्हणाली. "पण लोकांना दिलेली कर्जं आहेत, ती बुडालेली नाहीत. ती वसूल होत जातील तसं मिळेल. आधी थोडं, मग थोडं. सगळं मिळेल की नाही, ते मला सांगता येणार नाही. खिडकी मोडलीत तर तेही मिळणार नाही."

बाईने ते ऐकून घेतलं. मूल दुसऱ्या कुशीवर घेतलं. मग वळून मागच्या माणसाला तिने तेच शब्द सांगितले, आणि त्याने त्याच्या मागच्याला. मवजुदा उभी राहून ऐकत होती. शब्द रांगेतून सरकत कोपऱ्याच्या पलीकडे गेले. मग एक म्हातारी खाली वाकली, आपली चटई गुंडाळली आणि घराकडे चालू लागली. तिच्या मागोमाग आणखी एक जण निघाला.

बाकीचे उभेच होते. गुलबहोरही.